चिंगीचं डोहाळजेवण

मी काचेची पेटी बोलतेय. पनवेलला दीपेशच्या फ्लॅटमध्ये टीव्हीशेजारी माझी जागा आहे. गोड काही ऐकायला बसला असाल तर उठा, कारण मी संतापलेली आहे.

आधी माझ्यात मासे होते. तीन वर्षांपूर्वी दीपेशने पाणी उपसलं, तळाशी नारळाचा भुसा पसरला, वर उबेचा दिवा लावला आणि चिंगीला आणून सोडलं. चिंगी म्हणजे परदेशी जातीची, बिनविषारी, बुटकी अजगरीण. रीतसर कागदपत्रं केलेली. मला आधी धडकीच भरली. पण इतकं गरीब जनावर मी पाहिलं नाही. वेटोळं करून माझ्या उबदार कोपऱ्यात पडून असायची. मला तिचा लळा लागला.

यंदा दीपेशने चार दिवस एक नर आणून सोडला आणि तिच्या पोटात अंडी आली. दीपेशने पुस्तकात वाचून ओल्या शेवाळाचा झाकणाचा डबा आत ठेवला. अंधारात, ओलाव्यात तिला निवांत अंडी घालता यावीत म्हणून. तेवढं त्याने शहाण्यासारखं केलं.

मग त्याच्या बायकोच्या, अंकिताच्या डोक्यात डोहाळजेवण आलं. सापाचं! रविवार ठरला, आमंत्रणं गेली. दीपेश मोबाइलवर व्हिडिओ काढणार होता; त्यात डबा घाणेरडा दिसतो म्हणून तिने तो शुक्रवारीच काढला आणि त्या जागी खेळण्यातला पाळणा ठेवला. माझ्या अंगावर हिरव्या बांगड्यांची माळ चिकटवली.

त्याच दिवसापासून चिंगी अस्वस्थ झाली. डबा शोधत फिरायची, माझ्या कोपऱ्यात नाक घासायची, कळ आली की अंग ताणायची. मला सगळं दिसत होतं आणि तोंड नव्हतं.

शनिवारी दीपेशची आई भामा गावाहून आली. गोठ्यात कितीतरी अडलेल्या म्हशी सोडवलेली बाई. माझ्यासमोर बसून ती चिंगीकडे बघत राहिली.

"दीपेश, ही अडलीय. शेपटीकडची गाठ सकालपास्नं जागची हालली नाय. आजच डॉक्टरला दाखव."

"आई, सगळ्यांना उद्याचं सांगून झालंय. सोमवारी नेतो ना."

रविवारी पंचवीस माणसं आली. त्या कळा देणाऱ्या जीवाला बाहेर काढून दोन झाकलेल्या वाट्यांपुढे ठेवलं, बर्फी की पेढा बघायला. ती जिकडे वळली तिकडे बर्फी निघाली. टाळ्या वाजल्या. मग ती हातोहात फिरली, फोटोसाठी. भामा तेवढी स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही.

सोमवारी ठाण्याच्या डॉक्टरकडे निघाले आणि कळंबोलीला कंटेनरच्या रांगेत अडकले. पोहोचेपर्यंत चिंगी गेली होती. शनिवारी आणली असती तर वाचली असती, असं डॉक्टर म्हणाले. हे दीपेशनेच घरी येऊन सांगितलं आणि माझ्यावर डोकं टेकून रडला. खरंच रडला. तरी मला त्याची दया आली नाही. कुणाला येत असेल तर येवो.

आता मी रिकामी आहे. त्या व्हिडिओखाली अजून लोक अभिनंदन लिहितात. काल दीपेश फोनवर नव्या जोडीची चौकशी करत होता.

भामाने मला आतून पुसलं, बांगड्या उतरवल्या. एका कोपऱ्यात तिचा हात थांबला. तिथे चिंगीच्या नाकाचा डाग आहे, घासून घासून पडलेला. तो तिने ठेवला.

दीपेश, नवा जीव आणण्याआधी इथे खाली बस आणि तो डाग बघ. ती तो डबा शोधत होती. तो देणं तुझ्या हातात होतं आणि त्या हातात तू मोबाइल धरला होतास.