मॅडमचा एक शब्द

अमळनेरच्या मुलींच्या शाळेची मागची भिंत आणि कापसातली सरकी काढायच्या कारखान्याची, म्हणजे जिनाची, भिंत एकच. दिवाळीपासून होळीपर्यंत जिनाचा खडखडाट चालायचा आणि त्याच्यावर आवाज चढवून बेबाबाई शिकवायच्या. नवरा गेल्यावर शिकून नोकरीला लागलेल्या बाई, पण आठ वर्षं झाली तरी कायम नव्हत्या.

तपासणीच्या मॅडम आल्या त्या दिवशी नेमका बॉयलर बिघडून जिन बंद. त्यांनी अर्धा धडा ऐकला, शाळेच्या मोठ्या बाईंकडे वळून इंग्रजीत "श्रिल" एवढंच म्हणाल्या, आणि गुरुवारी पुन्हा ऐकून कायम करायचं ठरवू असं सांगून गेल्या. त्या एका शब्दानं बेबाबाईंची झोप उडाली.

"उंच, बारीक आवाज," मोठ्या बाई म्हणाल्या.

"म्हणजे चांगला की वाईट?"

"ते काही बोलल्या नाहीत हो."

पोस्टमास्तर बन्सीलाल म्हणाले, "इंजिनाच्या शिटीला म्हणतात, बाई. साऱ्या गावाला ऐकू जाते. तारीफच समजा!" बाईंना पेढे वाटावेसे वाटले. मोतीलाल वकील मात्र गालात हसले. "शिटीला म्हणतात, पाखरांना म्हणतात, आणि बायकांना म्हणतात. मी कोर्टात एवढा ओरडतो, मला नाही कुणी म्हटलं." घ्या! आता पेढे वाटायचे की रडायचं?

बुधवारी जिन सुरू झाला. बाईंनी मुद्दाम हळू शिकवून पाहिलं. मागच्या रांगेतली प्रमिला उठली. "बाई, तुमनं तोंड हालस, पन काहीच ऐकू येस नही." बाईंना तिचा राग आला, मग स्वतःचा. आवाज चढवला तसे पोरींचे चेहरे खुलले. आता उद्या मॅडमपुढे पोरींसाठी बोलायचं की नोकरीसाठी?

संध्याकाळी घरी आई, तानुबाई, जात्यावर बसली होती. आवाज खाली आणायचा सराव करावा म्हणून बेबाबाई तिच्यासमोर खुंट्याला हात लावून बसल्या आणि लहानपणीची ओवी म्हणू लागल्या. याच ओवीवर आईच्या मांडीवर त्यांना डुलकी लागायची.

पहिली ओळ संपायच्या आत आईनं जातं थांबवलं. कपाळाला आठ्या घालून तिनं लेकीकडे पाहिलं.

"का वं बेबा, इतली वरडस काबरं? मी आठेच शे ना, तुना समोर."

आणि बेबाबाईंना वाटत होतं, आपण अगदी हळू म्हणतोय.