धक्क्यावरची किंकाळी

"त्या दिवशी तुम्ही किती वेळ ओरडत होतात?" पेजने विचारलं.

व्हर्ना कॉर्कम हॅडक माशाचे तुकडे पिठात घोळवत होती. तिचा हात थांबला नाही.

"मी ओरडले असं कोण म्हणतं?"

पेज हॅलिफॅक्स शहरातून आलेली नटी. आमच्या गावच्या उन्हाळी नाटकात यंदा ती व्हर्नाचंच काम करणार होती. मी त्या नाटकाचे दिवे सांभाळत असे, म्हणून पेजला व्हर्नाकडे मीच घेऊन गेलो होतो. नाटक गॉर्डन झिंकचं. तो व्हर्नाच्या वर्गातला. शहरात लेखक म्हणून नाव झालं, पण लिहायला विषय मात्र त्याला गावातलेच लागत. व्हर्नाचा नवरा लेस्टर बोटीसकट समुद्रात बुडाला, त्यावर लिहू का, असं त्याने तिला रीतसर विचारलं होतं. ती "लिही" म्हणाली होती. वाचलं मात्र नव्हतं. नाटकात बातमी कळताच बायको धावत धक्क्यावर येते आणि समुद्राकडे बघून किंकाळी फोडते.

खरं काय झालं ते व्हर्नाने सरळ सांगितलं. मासळीच्या कारखान्यात ती कामावर होती. मुकादमाने येऊन कानात सांगितलं. टेबलावर मासळी पडली होती, ती तिने कापून संपवली. घरी जाऊन पोरांना बटाटे उकडून घातले. दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर गेली.

 तालमीत पेजने गॉर्डनला सांगून टाकलं, की आपण ओरडणार नाही, उभं राहून नुसती मासळी कापू. गॉर्डन चिडला. माझ्या प्रवेशाचा जीवच काढून घेतेस, म्हणाला. दोघांचं दोन दिवस वाजलं. शेवटी गॉर्डन स्वतः व्हर्नाकडे गेला आणि तिला म्हणाला, "तूच येऊन दोन्ही बघ बाई. तू म्हणशील तसं करू."

तालीम चाले त्या चर्चच्या हॉलमध्ये ती आली आणि मधल्या रांगेत बसली. पेजने आधी आपलं करून दाखवलं. मुकादम आला, कानाशी वाकला, गेला. पेजची मान वर झाली नाही, फक्त सुरी क्षणभर थांबली आणि पुन्हा चालू लागली. मला ते फार आवडलं. व्हर्नाने मान हलवली. "असंच झालं होतं," म्हणाली. गॉर्डनचा चेहरा पडला.

मग पेजने दुसरं केलं. ती मागून धावत आली, रंगमंचाच्या कडेला थांबली आणि ओरडली. कोपऱ्यात खिळे ठोकणारा सुतार हातोडी उचललेली तशीच धरून उभा राहिला. व्हर्ना उठली होती. पुढच्या खुर्चीची पाठ तिने दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. बराच वेळ ती बसली नाही.

"चुकलंच माझं, व्हर्ना," गॉर्डन हळू आवाजात म्हणाला. "काढून टाकतो ते."

"नको. हेच ठेव."

पेज पुढे आली. "पण हे खोटं आहे ना?"

"खोटंच आहे, पोरी. ते पहिलं मी करून बसलेय. ते पुन्हा कशाला बघू?"

नाटक ऑगस्टभर चाललं. पर्यटकांनी हॉल भरून जाई. व्हर्ना दर शनिवारी यायची, कडेची खुर्ची धरून बसायची. किंकाळीच्या प्रवेशाला मी प्रेक्षकांतला उजेड अगदी मंद करत असे, तरी माझ्या जागेवरून ती दिसायची. पाहुणे डोळे पुसत असत. तिचे डोळे कोरडेच असायचे, पण पेजबरोबर तिचंही तोंड उघडलेलं असायचं, गळ्याच्या शिरा ताठ झालेल्या असायच्या आणि आवाज मात्र नसायचा.

तिसऱ्या शनिवारपासून त्या प्रवेशाला मी तिच्या बाजूचा दिवा पूर्ण बंद ठेवू लागलो.