पाचव्या फळीचा खिळा

मी तख्तपोस, म्हणजे समाजमंदिरातला लाकडी मंच, बोलून राह्यलो. ऐकाले वेळ असन तं बसा. माह्यावरच बसा, उभं कायले राह्यता? फक्त डाव्या आंगानं पाचव्या फळीवर बसू नका. ती कुरकुरते. ते काहून, हे सांगाले मले जरा वेळ लागन. मी सागाचा हाय, सागाले घाई नसते.

माहं गाव पिंपळझरी, राळेगाव तालुका. बत्तीस वर्षांपयले सुतारानं मले समाजमंदिराच्या आतच जोडलं. सात फळ्या, सहा खूर. चार फळ्या पक्क्या ठोकल्या, मंग सहावी, सातवी ठोकली, अन् पाचवीच्या एका टोकाले खिळे सरले. सुतार म्हणाला, "उद्या ठोकतो." त्याच दिवशी तो साळ्याच्या लग्नाले गेला. तो उद्या काही अजून आला नाही. एक खूरही आखूड झालता, त्याच्याखाल्ती त्यानं ईट सरकवली. तीही तशीच राह्यली.

मले डोळे नाहीत. माणूस मले तळपायानं समजते, बाकीचं माह्यावर बसणाऱ्यांच्या गप्पांतून. सभेले पुढारी चढते तवा तोंडानं बोलते पुढच्या पन्नास वर्षांचं, अन् पायाची चुळबुळ गाडीकडे असते. दवाखान्याची बाई लसी देते तवा लेकरापेक्षा बापाचे पाय जास्त कापते. सोयाबीन वाळू घातलं का चार दिवस कोणीच चढत नाही. ते माहे सुट्टीचे दिवस.

पण माहा खरा दिवस म्हणजे दंडारीचा. दिवाळीत भाऊबीज झाली का दोन दिवसांनी आमच्या गावची दंडार. गाणं, नाच, मधात सोंगं. पयले रातभर चाले. वाघाची धास्ती पडल्यापासून दुपारी तीनले सुरू होते अन् दिवस बुडाच्या आंधी लोक घरी जाते. शेजारचं खैरडोह गाव पाहुणं येते. एका सालाले आम्ही नाचतो, ते पाहते. दुसऱ्या सालाले ते नाचते, आम्ही पाहतो. ज्याची पाळी हुकली त्याची दंडार कायमची गेली, असा जुना करार हाय. कागद नाही, पण करार हाय.

दंडारीत बाईचं काम बाप्या करते. आमच्या गावी धावजी करे. शेतकरी माणूस, हात असे का नांगर लाजन, पण लुगडं नेसून चढला का बायाच म्हणत, "माय वं, आपल्याले असं नेसता येत नाही." बाईनं मातर दंडारीत तख्तावर चढायचं नाही. तिनं खाल्ती बसायचं, लेकरू मांडीवर घेऊन. नियम कोणं केला, कोणाले मालूम नाही. मोडल्यावर काय होते, हेही कोणाले मालूम नाही. म्हणून सारे पाळत.

एका बाईले तेवढी चढाची मुभा होती. विमलताई. समाजमंदिर झाडाचं काम तिच्याकडे. झाडाले चढलेली चाले, नाचाले चढलेली चालत नसे. तिचा पोरगा ऋतिक बाहेरगावी, नवरा देवराव दंडारीचा म्होरक्या. झांज त्याच्या हातात, हुकूम त्याच्या तोंडात.

आता माहं गुपित सांगतो. विमलताई दुपारी झाडाले ये, दार आतून लावे, झाडू हातात घेऊन माह्यावर चढे, अन् मंग जे काही करे त्याले झाडणं म्हणत नाहीत.

कापूस वेचतानी बाई जशी तासातून, म्हणजे कपाशीच्या ओळीतून चालते, दोन पावलं, एक वाकणं, हात बोंडाकडे, हात कमरेच्या वटीत, तशी ती चाले. पण त्या चालीत सम असे. मंग सूप पाखडल्यासारखे हात. अन् हळूच गाणं, तिचंच जुळवलेलं:

*बोंड फुटलं पांढरं, वटी भरत आली,*
*तास माहा सरेना, उन्हं खाल्ती गेली.*

माह्या पाचव्या फळीले साऱ्या गावानं शिव्या दिल्या. धावजी नाचतानी तिले टाळे. देवराव म्हणे, "हे कुरकुर गाण्याची वाट लावते." विमलताई एकटी अशी, का ती फळीले टाळे नाही. कडव्याच्या शेवटी बरोबर तिच्यावर टाच दे. *कर्र-खट!* माही कुरकुर तिनं तालात घेतली. तीस वर्षं मी तिचं वाजवायचं वाजंत्र होतो, अन् हे गावात दोघालेच मालूम होतं. त्यातल्या एकाले बोलता येत नव्हतं, दुसरी बोलत नव्हती.

मागच्या साली पाळी आमची होती. अन् दसऱ्याले धावजीचा गुडघा गेला. डॉक्टर म्हणाला, नाचाचं सोडा, पायऱ्यासुद्धा एक एक उतरा.

देवराव नाच्या शोधाले निघाला. राळेगावले गेला, आर्णीले गेला, पांढरकवड्याले ट्रकवाल्यांत विचारून आला. आणलेले गडी माह्यावर चढवून पाहे. एकाले नाचता ये, पण लुगडं दिसलं का त्यालेच हासू ये. एकाचा ताल पक्का, पण मिशी काढाले तयार नाही. म्हणे, "पदर मिशीवरून घेतो." तिसरा चढला तवाच मले समजलं का त्याचा डावा पाय काही उजव्याशी बोलत नाही.

देवराव माह्यावर बसून डोकं धरे. "पुऱ्या तालुक्यात पायात ताल असलेला माणूस नाही राह्यला," म्हणे. त्याची बायको तिथंच कोपरा झाडत होती. झाडू मातर जरा जोरात फिरला.

मंग एका दुपारी भानगड झाली.

विमलताई आत होती, दार लावलेलं. बाहेर ओट्यावर देवराव, काठी टेकत धावजी, अन् ढोलकीवाला लखीरामबुवा येऊन बसले. लखीरामबुवाची नजर गेलेली, पण कान असा का दुसऱ्याच्या घरची फोडणी करपली तं त्याले आंधी समजे.

आतून आवाज आला. *कर्र-खट.*

"उंदीर हाय," देवराव म्हणाला.

*कर्र-खट. कर्र-खट.*

"उंदीर नोहे," धावजी म्हणाला. "काही दुसरंच हाय. भर दुपारची वेळ हाय, देवराव. मले पळता येत नाही, आंधीच सांगून ठेवतो."

देवरावनं काठी घेतली. ती धावजीचीच होती, म्हणून धावजी खांबाले धरून उभा राह्यला.

"थांबा बे," लखीरामबुवा म्हणाला. "भूत असो का उंदीर, सम बरोबर गाठून राह्यलं." अन् त्यानं ढोलकी मांडीवर घेतली.

बाहेर एक थाप पडली. आत पाय थांबले. मले वाटलं, संपलं. तिचे तळवे घामानं ओले झालते, हे मले एकट्याले मालूम. मंग बुवानं साधा ठेका धरला, अन् मायशप्पथ सांगतो, ते पाय थांबलेच नाहीत. बुवानं ठेका दुप्पट केला, पाय दुप्पट. बुवानं मुद्दाम एक मात्रा खाल्ली, आतून तीच मात्रा पाचव्या फळीवर पडली.

"देवराव," बुवा म्हणाला, "हे भूत असन तं ठेवून घे."

देवरावनं दार ढकललं, कडी जुनीच होती, निघाली. आत त्याची बायको, पदर खोचलेला, हातात झाडू.

"तू?"

"मंग कोन?"

"काय करून राह्यली?"

"झाडून राह्यली."

"झाडनं असं असते?"

"तीस वर्षं झाली लग्नाले," विमलताई म्हणाली. "तुमाले मालूम हाय का झाडनं कसं असते?"

लखीरामबुवा हासला तो हासतच राह्यला. "पुऱ्या तालुक्यात फिरला गा तू देवराव. घरात विचारलं नाही."

देवराव खाल्ती पाहत म्हणाला, "बाई दंडारीत चढत नाही. खैरडोहवाले उठून जातीन. पाळी गेली तं दंडार गेली."

तवा धावजी बोलला. हळू माणूस, पण डोकं होतं. "मी बाई नोतो, तरी बावीस वर्षं बाई झालतो. हे बाई हाय, एक दिवस बाप्या होईन. लोकाले सांगू, आर्णीहून माहा भाचा आला. भाचा लुगडं नेसन अन् बाई होईन."

देवरावनं बोटावर मोजून पाह्यलं. बाई, बाप्या, पुन्हा बाई. "मंग होते तं बाईच ना?"

"होते. पन नियम मोडत नाही."

विमलताईले कोणी विचारलं नाही. पण मले मालूम हाय, तिच्या टाचा त्या वेळी कशा जागेवरच उचलल्या गेल्या. तिले नाचायचं होतं. एकदा तरी, दार उघडं ठेवून.

पुढचे दहा दिवस धावजी तिले शिकवाले ये. काय शिकवाले? बाईसारखं चालाले!

"कंबर अशी, वहिनी. मान तिरपी. अन् पाऊल असं लचकवून."

"अशी कोन चालते, धावजीभाऊ?"

"बाई."

"कोनती बाई?"

धावजीनं लय विचार केला. "दंडारीतली," म्हणाला.

दंडारीचा दिवस उजाडला. मले उचलून ओट्यापुढच्या मांडवात मांडलं, खुराखालची ईटही संगं. खैरडोहवाले सकाळीच आले. त्यांच्यात नानाजी मुख्य. ऐंशी वर्षांचा माणूस. नाच संपला का उभं राहून खोट सांगायचा मान त्याचा. त्याची उतरायची सोय देवरावच्याच घरी होती, चहाही दोनदा झाला.

तीनले ढोलकी लागली. आर्णीचा भाचा चढला, डोक्यावरून पदर, अर्धं तोंड झाकलेलं. पयले दोन गाणे तिनं धावजीनं शिकवल्यासारखे केले. कंबर अशी, मान तिरपी. लोक टाळ्या देत होते, पण मले तिचं पाऊल परकं लागे, कोणाची चप्पल घातल्यासारखं.

तिसऱ्या गाण्याले तिनं ते सारं सोडून देल्लं. दोन पावलं, एक वाकणं, हात बोंडाकडे. *तास माहा सरेना, उन्हं खाल्ती गेली.* खाल्ती बसलेल्या बायांचे हात मांडीवरच वेचाले लागले. त्या दिवशीही सकाळी त्या वेचाले गेलत्याच. टाच पडली, *कर्र-खट*, तशी पुऱ्या मांडवातून एक "हाँ!" निघाली.

पयलं कडवं झालं अन् नानाजीले दम निघाला नाही. मधातच उभा राह्यला. ढोलकी थांबली.

"ताल पक्का," नानाजी म्हणाला. "पाय हलके. गळा गोड. पन एक खोट हाय. पयले दोन गाणे ठीक होते. आता मातर बाई वाटत नाही. माह्या ऐंशी वर्षांच्या उमरीत अशी चालतानी म्या एक बाई नाही पाह्यली."

खैरडोहवाले माना हालवू लागले. देवराव झांज धरून पुतळ्यासारखा. चूप राह्यली असती तं सारं निभलं असतं. भाच्याचं नाव झालं असतं, थोडी खोट निघाली असती, दंडार राह्यली असती.

मले तिच्या टाचा जाणवल्या. दोन्ही घट्ट टेकल्या. मंग तिनं तोंडावरचा पदर मागं सारला.

"नानाजी, सकाळी तुमाले चहा कोनं देल्ला?"

"देवरावच्या घरच्यानं."

"दोन कप?"

"दोन."

"थेच मी. विमल. चहा घेतानी तोंडाकडं पाह्यलं असतं, तं आता वळखलं असतं."

मांडवात इतकं चूप झालं का माह्या खालची ईट कर्रकन सरकलेली मले ऐकू आली. सारे देवरावकडे पाहू लागले. तो म्होरक्या. खैरडोहवाल्यांतले दोघं-तिघं उठून चपला शोधू लागले. देवरावनं झांज या हातातून त्या हातात घेतली. तिच्याकडे पाह्यलं. मले वाटते, बरेच वर्षांनी पाह्यलं.

"ऋतिकची माय," तो म्हणाला, "गाणं आर्धं राह्यलं."

अन् त्यानं झांज मारली.

लखीरामबुवा तं वाटच पाहून राह्यलता. ढोलकी सुटली. नानाजी जरासा उभाच होता, मंग बसला अन् शेजारच्याले म्हणाला, "चालत असन बुवा, बाई अशीही चालत असन. चपला ठेव खाल्ती." करार कागदावर नव्हता, ते बरं झालं. कागद असता तं कोणीतरी वाचला असता.

तेवढ्यात खाल्ती बसलेली मोतीबाई उठली, सत्तर पार बाई. "मले हात द्या वं कोणी," म्हणे, "मी बी वेचून राह्यली साठ वर्षं." ती चढली. तिच्यामागं दुसरी, तिसरी. अकरा जणी झाल्या तवा माह्या खालची ईट फुटली. मी एका आंगानं कलंडलो, अकराही जणी उताराकडे सरकल्या, अन् गाणं काही थांबलं नाही. उतारावरही त्यांनी सम गाठली. अशा पायांसमोर मी सागाचा असून काय बोलू?

त्याले आता साल झालं. दर बुधवारी दुपारी बाया येते, दार सताड उघडं ठेवून. धावजी खुर्चीवर बसून कंबर अशी, मान अशी सांगते, त्या ऐकत नाहीत. कोण कोण निघाली सांगू? भाकरी थापणारीचा हात असा ठेका देते का लखीरामबुवा मान डोलावते. ह्या बाया गावात पयलेही होत्याच. मीच तेवढा त्यांच्या खाल्ती नव्हतो.

माह्या आखूड खुराखाल्ती आता चांगला दगड हाय. ह्या दिवाळीले ऋतिक, विमलताईचा पोरगा, गावी आलता, मशीन अन् स्क्रू घेऊन. म्हणे, "माय, ते फळी पक्की करून देतो, पाच मिनिटं लागन." तिनं त्याचा हात धरला. "तिले हात नोको लावू. तिनंच माही चुगली केलती."

म्हणून तुमाले एवढंच मांगणं हाय. माहे खूर बदला, रंग द्या, वाटल्यास वर सतरंजी टाका. पण पाचव्या फळीले खिळा ठोकू नका. अन् तो सुतार कधी आलाच, बत्तीस वर्षांनी त्याचा उद्या उगवलाच, तं त्याले म्हणा, बसा, चहा घ्या. अन् देणारीच्या तोंडाकडं जरा पाहून घ्या.