बाहेर गेलेले पुस्तक

फाल्गुनातली सकाळ वैनगंगेच्या वाळूवर हलक्या पावलांनी उतरत होती. पाणी ओसरून मधल्या धारेपुरते उरले होते. मागे राहिली होती रुपेरी, रेषाळ वाळू, तिच्यावर टिटवीच्या पावलांची बारीक अक्षरे, आणि पैलतीरावर पळसांचे केशरी, निःशब्द जळणे. वारा ती अक्षरे लिहू देई आणि पुसून टाकी. लिहू देई आणि पुसून टाकी.

काठावरच्या कौलारू घराच्या पडवीत रघुवीर वैरागडे कोऱ्या कागदापुढे बसले होते. वय पंच्याहत्तर. छत्तीस वर्षे गावच्या वाचनालयात ग्रंथपाल म्हणून गेलेली. हजारो पुस्तकांची पहिली वाक्ये त्यांना पाठ होती. स्वतःचे एकही नव्हते.

पहिले वाक्य. पुढची कथा कुठेतरी होतीच, धुक्यातल्या पैलतीरासारखी, अंधूक पण अढळ. हवी होती फक्त पाण्यात सोडायला एक होडी. आणि प्रत्येक होडी काठावरच बुडत होती.

संध्यारंगी वाक्य लिहिले, तर ते कुठेतरी वाचलेले वाटे. चंद्रधवल वाक्य लिहिले, तर ते सभेत नटून आलेल्या माणसासारखे अवघडून उभे राही. साधे लिहिले, तर ते उघड्या अंगाचे वाटे आणि त्यांनाच लाज येई. मार्गशीर्ष गेला, पौष गेला, माघ गेला. खोडलेल्या शब्दांचा काळा पाचोळा पडवीभर साचत गेला.

लिहायला ते जुनी तालिका-पत्रे घेत. वाचनालयात संगणक आला, तेव्हा पुस्तकांची नावे असलेली ती जाड पत्रे रद्दीत निघाली होती. रघुवीररावांनी ती खोक्यांत भरून घरी आणली. त्यांच्या कोऱ्या पाठीवर ते वाक्ये लिहीत, खोडीत, टाकून देत. आणि कुमुदिनीबाई ती उचलून, खळ लावून स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिकटवीत. मुगाच्या डाळीवर एक पहाट होती. साबुदाण्यावर चांदणे. तिखटाच्या डब्यावर एक विरहिणी.

“अहो, पहाट संपत आली,” त्या आतून सांगत. “पावशेर आणा. आणि चांदण्याला किडे झालेत, उन्हात घालावं लागेल.”

ते हसत. पण ते हसू पोहोचेपर्यंत दमून गेलेले असे.

या घराच्या मुळाशी एक चूक होती. एखाद्या ग्रंथपालाच्याच हातून व्हावी, अशी चूक.

पन्नास वर्षांपूर्वी, नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, चैत्रातल्या एका सुन्न दुपारी वाचनालयात कुणीच नव्हते. पंखा फिरत होता, धूळ सोनेरी होऊन तरंगत होती. लाजऱ्या, पुस्तकवेड्या रघुवीरने एक कोरे तालिका-पत्र घेतले आणि सुरेख अक्षरांत लिहिले: लेखक, वैरागडे रघुवीर. नाव, ऐलतीर. पृष्ठे, एकशे बेचाळीस. मग ते पत्र त्याने दोन खऱ्या पुस्तकांच्या पत्रांमध्ये सरकवून दिले. पुस्तक नव्हते. पुस्तकाची नोंद तेवढी होती, गर्भाआधीच ठेवलेल्या नावासारखी.

आठवड्याने, एका गुरुवारी, कन्याशाळेत नव्याने शिकवायला आलेली एक मुलगी तालिका-पत्रांचा खण चाळत बसली. तिने मागणीची चिठ्ठी भरली आणि खिडकीच्या गजांतून आत सरकवली. चिठ्ठीवर ‘ऐलतीर’ लिहिले होते. रघुवीरचे कान पळसासारखे पेटले. मान वर न करता त्याने चिठ्ठीवर तांबड्या शाईने एकच शब्द लिहिला: ‘बाहेर’. पुस्तक वाचायला गेले आहे, पुढल्या गुरुवारी पाहा, असे काहीसे पुटपुटत त्याने ती तिला परत सरकवली.

ती पुढल्या गुरुवारी आली. त्याच्या पुढल्याही. अकरा गुरुवार ती आली, आणि अकरा गुरुवार ते न लिहिलेले पुस्तक कुणाच्या तरी घरी वाचले जात राहिले. बाराव्या गुरुवारी तिने पुस्तक मागितले नाही. नदीवर फिरायला येता का, असे विचारले.

लग्न झाले, केस पिकले. त्या खोट्याविषयी दोघांनीही कधी अवाक्षर काढले नाही. वर्षातून एखाद्या वेळी, भाजी निवडताना, कुमुदिनीबाई सहज विचारत, “आलं का परत?” आणि ते खाली बघून म्हणत, “नाही अजून.”

आता कुमुदिनीबाईंच्या डोळ्यांत काचबिंदू होता. उजवा डोळा विझून गेला होता. डाव्यात किलकिल्या दारातून दिसावे एवढेच जग उरले होते, आणि ते दारही लोटले जात होते. दिसेल येत्या दिवाळीपर्यंत, एवढेच धरून चाला, असे डॉक्टर म्हणाले होते. ते ऐकून परतल्यावर त्या शांतपणे तांदूळ निवडायला बसल्या, बोटांनी, न बघता. रघुवीररावांनी चाचरत सांगितले, की पुस्तक नाही, पण एक कथा तरी मी लिहीन आणि तुला वाचून दाखवीन.

“वाचून दाखवू नका,” त्या म्हणाल्या. “मला माझी मी वाचायची आहे.”

आणि आज, फाल्गुनातल्या या सकाळी, कागद अजून कोराच होता.

भिंतीला हात लावत, पावले मोजत त्या पडवीत आल्या. चष्म्याच्या घरातून काढलेला एक पिवळा, चौघडी मोडलेला कपटा त्यांनी चाचपत कागदावर ठेवला. ती मागणीची चिठ्ठी होती. तिच्यावरची तांबडी शाई तपकिरी पडली होती. शब्द मात्र तसाच होता: ‘बाहेर’.

“आलं का परत?”

रघुवीरराव त्या शब्दाकडे पाहत राहिले. दमलेल्या मनातून पहाटा ओसरल्या, चांदणे ओसरले, विरहिणी उठून गेल्या. पाणी ओसरल्यावर वाळू उरावी तशी एकच गोष्ट उरली. त्यांनी जाड टाक काळ्या शाईत बुडवला आणि तिच्या डोळ्यापुरती, बोराएवढी अक्षरे काढली:

‘पुस्तक बाहेर गेलं आहे, असं त्याने तिला सांगितलं, आणि ते खोटं होतं.’

त्यांनी वाक्य पाहिले. त्यात नदी नव्हती, चंद्र नव्हता, एकही अलंकार नव्हता. कापणीनंतरच्या धानाच्या बांधीसारखे उघडे, ओसाड वाक्य. सवयीने टाक खोडायला पुढे सरकला.

पण तिथे तिचे बोट होते.

कागदावर ओणवून, डावा डोळा अक्षरांशी नेऊन, त्या वाचत होत्या. एकेक अक्षर दारातून आत घेत होत्या. ‘खोटं’पाशी बोट थांबले. बराच वेळ थांबले. मग पूर्णविरामापर्यंत गेले.

“पुढे?” त्या म्हणाल्या.

बोट उचलले नाही. ओल्या शाईने काळे झालेले ते बोट पुढल्या कोऱ्या जागेवर हळूच टेकले, टिटवीने वाळूवर पाऊल टेकावे तसे. आणि वारा पैलतीरावरच थबकला, पळसाखाली, काहीही न पुसता.