पुलाआधीचा दणका

नणंद रेल्वेचं इंजिन चालवायची आणि भावजय रुळांची इंजिनियर, त्यामुळे जेवताना भांडायला विषय शोधावा लागत नसे.

"वहिनी, तुझ्या पुलापाशी आज परत कंबर मोडली," नणंद ताट ओढत म्हणाली. "पुलावर गाडी लोण्यासारखी जाते. पण चढायच्या आधी असा दणका, की लोक माझ्या नावाने खडे फोडतात."

"फोडू देत. खडी माझीच आहे," भावजय हसली खरी, पण डोक्यात तो पूलच घोळत होता. पूल खडकावर उभा, तो जागचा हलत नव्हता. त्याला भिडणारा मातीचा भराव मात्र खचत होता. खडी ठोकून रूळ वर घ्यावेत, की पुढच्या पावसात पुन्हा खाली. गाड्यांचा वेग कमी करायला लावणारी पाटी तिथे कायमचीच झाली होती.

दुसऱ्या दिवशी ती पुलाखाली उतरली. भरावाला टेकलेल्या भिंतीत पाणी निघायला भोकं ठेवलेली होती, सगळी बुजलेली. पाणी आतच मुरत होतं आणि वर टाकलेली खडी चिखल गिळत होता.

"भोकं मोकळी करायची म्हणून काय दिवसभर लाइन बंद ठेवू?" साहेब उखडले. "वरचे माझी सालटी काढतील."

"दणका राहिला तर माझी काढू देत. लेखी देते."

साहेबांनी कपाळाला हात लावला आणि होकार दिला.

चिखलाने माखलेली खडी उपसली. पहिलं भोक मोकळं झालं, तशी गढूळ पाण्याची चिळकांडी थेट तिच्या अंगावर! "फुटलं, बाई, फुटलं!" मुकादम लहान पोरासारखा ओरडला. मग भिंतीमागे दगडांचा थर, चिखल वर येऊ नये म्हणून मातीवर जाड कापड, त्यावर नवी कोरी खडी.

अख्खा पावसाळा ती रुळांची पातळी मोजत राहिली. रूळ तसूभरही खचले नाहीत. पाटी उखडली, त्या दिवशी पहिली गाडी आपणच न्यायची म्हणून नणंदेने हट्टाने ड्युटी बदलून घेतली.

गाडी पूर्ण वेगात आली. भावजय रुळांच्या कडेला उभी होती. भराव, भिंत, पूल... डबे एका रेषेत सरसर निघून गेले. कामावरच्या माणसांनी हेल्मेटं हवेत उडवली. मुकादमाने तर पाटीच खांद्यावर घेऊन फेर धरला.

पुढच्या स्टेशनवरून फोन आला. "वहिनी, अगं, पूल लागला कधी ते कळलंच नाही! बोल, आता जेवताना भांडायचं कशावरून?"

"शोधू काहीतरी," भावजय म्हणाली, आणि रुळांकडे बघत मनसोक्त हसली.