तीन महिन्यांचं इंजेक्शन

तनुजाला दोन मुली होत्या आणि तिसरं लेकरू नको होतं. एवढी साधी गोष्ट. पण अहमदपूरजवळच्या त्या घरात साधी गोष्ट बोलायची चोरी. नवरा भुजंग म्हणायचा, आई म्हणेल तसं. आणि आई, म्हणजे साखराबाई, नातवासाठी देव पाण्यात घालून बसलेली. शेवटी तनुजानं गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईला, लुंबिनीला, गाठलं आणि उपकेंद्रात तीन महिन्यांचं इंजेक्शन गुपचूप घेतलं. पाळी थांबली तर घाबरू नकोस, असं लुंबिनीनं बजावलं होतं.

थांबलीच. पण त्या घरात पाळी बाईची एकटीची असते होय? दर महिन्याला चार दिवस पडवीत बाजूला बसायचं, चुलीला शिवायचं नाही. शेजारच्या म्हाताऱ्यालासुद्धा सुनेची तारीख पाठ. दोन महिने सून बाजूला बसली नाही म्हटल्यावर साखराबाईला आनंदाचं भरतं आलं. तीन महिने सांगू नये म्हणतात, तेही धाब्यावर बसवून तिनं गल्लीभर बातमी केली आणि सुनेला तपासायला तालुक्याला नेलं. तपासणीत दिवस गेल्याचं काही निघालं नाही, तेव्हा तिथल्या डॉक्टरनं भरल्या दवाखान्यात, सासूदेखत विचारलं, पाळणा लांबवायचं इंजेक्शन घेतलंय का. त्या शहाण्याला दार लावून विचारायला काय धाड भरली होती!

त्या दिवसापासून लुंबिनीला दार बंद झालं. भुजंगनं दोन दिवस ताटाला हात लावला नाही, जणू सुई त्यालाच टोचली होती. पुढच्या इंजेक्शनची तारीख आली तशी गेली. तनुजाला तोंड दाबून बुक्क्यांचा मार. वर्ष सरायच्या आत ती खरोखरच गरोदर राहिली.

साखराबाई आता तिला फुलासारखं जपू लागली. एका दुपारी सुपात तूर निवडता निवडता तिनं लाडानं विचारलं, काय खावं वाटतंय. तनुजाचं डोकंच फिरलं.

"मला हे लेकरू नगं व्हतं, आत्याबाई. तुमच्या तोंडावर सांगते."

साखराबाई चिडली नाही. तुरीतला खडा काढून म्हणाली, "मला तरी कुठं पाच पाहिजे व्हते? भुजंग तर मुळीच न्हाई. पर सासूनं ऐकलं न्हाई."

तनुजाच्या अंगाची लाही लाही झाली. म्हणजे हिला कळत होतं. सगळं कळत होतं, आणि तरी! तिनं सासूच्या हातातलं सूप हिसकावून घेतलं.

"मग तुम्ही माझं कामून न्हाई ऐकलं?"

साखराबाई दाराकडं बघू लागली. तनुजा जागची हलली नाही. आज उत्तर मिळाल्याशिवाय ती सूप परत देणार नव्हती.