कॅनमधलं तेल

भाऊजींना इंजिनातलं कळतं, हा शोध खुद्द भाऊजींनीच लावला होता. तरुणपणी कुठल्याशा गॅरेजात ते पाने उचलून द्यायला होते. तेवढ्या अर्ध्या हळकुंडावर माणूस जन्मभर पिवळा राहिला. आपल्या दिराइतका उंटावरचा शहाणा अख्ख्या धक्क्यावर दुसरा नाही, असं वहिनींचं मत होतं आणि ते त्या मनात ठेवत नसत.

होडीच्या मागे लटकवलेलं इंजिन जुनं, टू-स्ट्रोक. त्याला तेल वेगळं द्यायची सोय नाही, पेट्रोलमध्येच मिसळून द्यायचं. पंचवीस मापं पेट्रोल, एक माप तेल. वहिनींचे यजमान होते तोवर ते औषध मोजावं तसं मोजून घालत. ते गेले, होडी निम्मी वहिनींची आणि निम्मी दिराची झाली, आणि तेल घालायचं काम भाऊजींनी आपणहून अंगावर घेतलं. माप घेणं त्यांना कमीपणाचं वाटे. मान तिरकी करायची, एक डोळा बारीक करायचा आणि बाटली उपडी करायची. वर सांगायचं, अंदाज रक्तात असावा लागतो. अंदाज रक्तात असेलही, पण होडीच्या मागे धूर असा निघे की उतारू नाकाला रुमाल लावून बसत, आणि प्लग सदा काळे. कुणी काही बोललंच, तर भाऊजी पेट्रोल पंपाला नावं ठेवत.

वहिनी हे सगळं सोसत होत्या, पण आता खाडीच्या पलीकडच्या काठावरच्या दवाखान्याला नर्सेसची रोजची ने-आण करायला होडी हवी होती. दवाखान्याच्या मेट्रनबाई स्वतः एक फेरी करून पाहणार होत्या. हे काम मिळालं असतं तर वहिनींचं घर चाललं असतं, दिराचं तोंड न बघता चाललं असतं. म्हणून आदल्या दिवशी धक्क्यावर, चार माणसांदेखत, वहिनींनी भाऊजींच्या हातातली बाटली खाली ठेवायला लावली.

"अक्कल नाही ते नाही, निदान हात तरी आवरा," त्या म्हणाल्या. "उद्यापासून तेलाला हात लावायचा नाही. मी घालीन."

माणसं हसली. भाऊजींनी बाटलीला बूच लावलं आणि ते निघून गेले. वहिनींनी त्यातून काही आशा धरली नाही. पालथ्या घड्यावर पाणी. ज्यानं बापाचं ऐकलं नाही, सख्ख्या भावाचं ऐकलं नाही, तो भावजयीचं काय ऐकणार?

सकाळी पेट्रोलचा कॅन भरून होडीपाशी ठेवलेला होता. शेजारी तेलाची बाटली तशीच. वापरून झाल्यावर जागेवर ठेवायची शिस्तही नाही, असं पुटपुटत वहिनींनी ती पायानं बाजूला सारली. भाऊजी जाळी वाळत घातलेल्या ठिकाणी पाठमोरे बसले होते. हाक मारून विचारलं असतं तर दोन शब्दांचं काम. पण त्यांना विचारायचं म्हणजे त्यांचा सल्ला घेतल्यासारखं झालं असतं, आणि त्यापेक्षा जीभ झडलेली बरी. घातलंच असणार, नेहमीसारखं बदाबदा. टाकीत ओतताना मात्र पेट्रोल फिकट दिसलं. तेल बेतानं घातलेलं दिसतंय, आला एकदाचा वठणीवर, असं वहिनींना वाटलं आणि बरंही वाटलं.

मेट्रनबाईंना घेऊन होडी निघाली ती धुराशिवाय. मेट्रनबाईंनी तेवढं ओळखून तारीफ केली. तेव्हा वहिनींनी सांगितलं की घरात एक शहाणे आहेत, त्यांना कालच समज दिली. खाडीच्या मध्यावर इंजिनाचा आवाज चिरका झाला, मग रडका, आणि मग एकदम बंद. वहिनींनी इंजिन सुरू करायची दोरी ओढली. दोरी तसूभर हलली नाही. पिस्टन आत चिकटला होता. यजमान म्हणायचे, दोरीच हलेना म्हणजे इंजिन गेलं समजायचं. वहिनींनी टाकीत बोट बुडवून चोळलं. पेट्रोल उडून गेलं, बोट कोरडं राहिलं. चिकटपणा नाही, म्हणजे तेलाचा थेंब नाही.

तरीही राग आला तो दिराचाच. एक काम, तेही धड नाही.

काठावरून पाहून भाऊजी कुणाचं तरी वल्ह्याचं होडकं घेऊन आले. वल्हवणंही यथातथाच, पाणी नुसतं उडत होतं. ते जवळ येईपर्यंत वहिनींना दम निघाला नाही.

"तेल घालायलाही विसरलात?"

भाऊजी गोंधळले. खोडी काढणाऱ्या माणसाचा चेहरा तो नव्हता.

"तुम्हीच म्हणालात ना वहिनी, हात लावू नका, मी घालीन म्हणून. मी पेट्रोल तेवढं आणलं. तुमच्या हाताशी असावी म्हणून बाटली तिथंच ठेवली."

मेट्रनबाईंनी दोघांकडे पाहिलं. मग पिशवी सावरत त्या होडक्यात उतरून बसल्या आणि दुसरी होडी कुठे मिळेल याची भाऊजींकडे चौकशी करू लागल्या. वहिनींना काहीतरी झोंबणारं बोलायचं होतं. शब्दांची त्यांना कधी वाण पडली नव्हती. त्यांनी खूप शोधलं, पण भाऊजींना लागेल असं त्यात काही सापडेना. जे सापडलं ते सगळं त्यांना स्वतःलाच लागत होतं.

भाऊजींनी दोर फेकला. वहिनींनी तो होडीच्या नाकाला बांधला. गाठ आवळून झाली तरी होडकं जागचं हललं नाही.

"वहिनी, ओढू का?" भाऊजींनी विचारलं, आणि त्या हो म्हणेपर्यंत वल्ह्यांना हात न लावता बसून राहिले.